कूलरवाल्या देशांची सही

मे महिन्यात मी नागपूरला जाऊन आले हे कळल्यावर वाईतल्या कुणीही मला संत्र्यांबद्दल विचारलं नाही. सगळ्यांनी तब्येत विचारली. शेजारच्या शैलाताईंनी तर बोलता बोलता माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मी धडधाकट आहे. मात्र तिथे मी सात देशांना एका खोलीत भांडताना पाहिलं, त्यांतल्या एका देशाने माझ्या अंगावर पाणी सांडलं, आणि मी आयुष्यभर शिकवलेली एक गोष्ट दोन दिवसांत बरीच पातळ झाली. हे फोनवर सांगून कुणाला नीट कळत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे. देशादेशांत पर्यावरणाचे करार होतात, त्यावर कोण सही करतं आणि कोण काढता पाय घेतं, हा माझ्या आवडीचा विषय. निवृत्त झाल्यावर त्यावर एक लांबलचक लेख लिहिला. म्हणणं साधं होतं. हवामान बदलतंय, त्याला तोंड द्यायची सोय ज्या देशाने स्वतःपुरती करून घेतली, म्हणजे समुद्राला भिंत बांधली, नवं बियाणं आणलं, घरं गार केली, त्या देशाला धूर कमी करण्याच्या करारावर सही करायची घाई उरत नाही. त्याचं भागलेलं असतं. लेख एका मासिकात छापून आला आणि माझ्या माहितीप्रमाणे तो एकाच व्यक्तीने वाचला. ती म्हणजे विजया.

विजया ही माझी पुण्यातल्या वसतिगृहातली मैत्रीण. मूळची नागपूरची, आता तिथेच सदर भागातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. दर उन्हाळ्यात ती तिथे एक लुटुपुटूची जागतिक परिषद भरवते. वेगवेगळ्या कॉलेजांतली मुलं एकेका काल्पनिक देशाची शिष्टमंडळं होतात आणि दोन दिवस वाद घालून हवामानाचा करार करतात. म्हणजे करायचा असतो. आजवर एकदाही सगळ्या देशांनी सही केली नव्हती. गेल्या वर्षी तर दोन देशांचं भांडण पार्किंगपर्यंत गेलं होतं. शेवटी कॉलेजच्या अध्यक्षांनी विजयाला सांगितलं की यंदाही करार झाला नाही, तर पुढच्या वर्षीपासून सभागृह त्या तारखांना नृत्यस्पर्धेला देऊन टाकू. विजया पुढच्या वर्षी निवृत्त होते आहे. आपली परिषद ढोलकीच्या तालावर संपावी हे काही तिच्या मनाला पटेना. तिने मला फोन केला आणि सभापती म्हणून बोलावलं. माझा लेख वाचलेल्या एकमेव व्यक्तीला नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

शुक्रवार, नंदनवन

विजयाने बजावून ठेवलं होतं की स्टेशनच्या बाहेर पडण्याआधी डोकं, कान आणि तोंड ओढणीने घट्ट बांधून घे, वर गॉगल लाव, मी स्कूटर घेऊन उभी असते. मी तसं केलं. बाहेर आले, तर स्टेशनसमोर ओढणीने तोंड बांधलेल्या, गॉगल लावलेल्या बायका स्कूटरवर रांगेने उभ्या. त्यांतली एक मला पाहून जोरात हात हलवू लागली. मी जाऊन मागे बसले. तिने गाडी काढली.

गरम वारा असा काही लागत होता की बोलायची सोय नव्हती. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी म्हटलं, विजया, तू बारीक झालीस गं. पुढच्या बाईने मान वळवली, गॉगल वर केला आणि माझ्याकडे शांतपणे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी कोण आहा? अन् माही नणंद कुठी हाय?"

तिची नणंद स्टेशनवर विजयाच्या स्कूटरवर बसून विजयाशी हुज्जत घालत होती. आम्ही परत गेलो तेव्हा दोघींची चांगली ओळख झालेली होती आणि एकमेकींना पन्ह्याची कृती सांगून झाली होती. चौघींनी ओढण्या सोडून एकमेकींची तोंडं पाहिली, खात्री केली आणि बायका बदलून आपापल्या वाटेने गेलो.

विजयाचं घर नंदनवन भागात. तिचे यजमान प्रभाकरराव हिंगण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, अत्यंत मृदू बोलणारे गृहस्थ. मी आल्या आल्या त्यांनी माझी कूलरशी ओळख करून दिली. आमच्याकडे पाहुण्याला नातवंडं दाखवतात, तसं. वाईत उन्हाळा म्हणजे पंखा एकावर होता तो तीनवर करायचा, एवढंच मला ठाऊक. हा कूलर तर चांगला कपाटाएवढा होता. तीन बाजूंना जाळ्यांत गवत भरलेलं, त्यावर पाणी ठिबकतंय आणि आतून पंखा घोंघावतोय. दुपारी त्याच्यासमोर मी आडवी झाले आणि थोड्या वेळाने कुडकुडत उठून चादर मागितली. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं होतं आणि आत मी गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन बसले होते. प्रभाकररावांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्यांना बोलावून मला दाखवलं.

संध्याकाळी पाटवडीचा सावजी रस्सा होता. विजयाने आधी विचारलं की तिखट चालेल ना. मी सातारा जिल्ह्यातली असल्याची आठवण करून दिली आणि आमच्याकडचा ठेचा कसा असतो यावर थोडं भाषणही केलं. पहिल्या घासाला काही झालं नाही. दुसऱ्या घासानंतर मला ऐकू कमी यायला लागलं. प्रभाकररावांनी माझी खुर्ची उचलून माझ्यासकट कूलरसमोर नेऊन ठेवली आणि हातात गुळाचा खडा दिला. ठेच्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, हे त्या घरातल्या माणसांचं मोठेपण.

शनिवार, सदर

सभागृह झोकदार होतं, पण त्याचा एसी त्या दिवशी सकाळी सुरूच झाला नाही. दुरुस्ती करणारे लोक दुपारनंतर येणार होते. मुलं मात्र शिष्टमंडळं म्हणून काळे कोट आणि टाय घालून आली होती.

सात देशांतल्या दोघांचीच ओळख करून देते, बाकीचे त्यांच्या मागे मागे जाणारे होते. पहिला धूरगड. या देशात कारखानेच कारखाने. त्याचा प्रमुख आकाश हा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, उंच, आळसावलेला आणि बोलण्यात पक्का. दुसरा देश बेटवाडी. समुद्र थोडा वाढला की बुडणारा. त्याची प्रमुख प्रज्ञा, वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, बारीक चणीची आणि न हसणारी मुलगी. तिने आल्या आल्या खिडक्यांच्या बाजूची जागा धरली, कारण बेटाला चहूकडून मोकळं असतं, असं तिने गंभीरपणे सांगितलं.

मी घंटा वाजवून परिषद सुरू केली. पुढचे दोन तास जे घडलं ते जगात कुठे घडलेलं नसेल. सगळे देश सगळ्याला हो म्हणत होते. धूर निम्म्यावर आणायचा? आणू. मोठ्या देशांनी आधी आणायचा? आधी आणू. घामाने कोट पाठीला चिकटले होते आणि प्रत्येकाला हे लवकर संपवून घरी जायचं होतं. आकाशने कोट काढला, मग टाय काढला, आणि शेवटी आपल्या देशातले कारखानेच बंद करायची तयारी दाखवली. विजया दाराशी उभी राहून डोळे पुसत होती. घाम पुसत असेल असं मला वाटलं, पण ते आनंदाचे अश्रू होते. मसुदा तयार झाला, जेवण झालं की सह्या.

जेवण चालू असताना भाड्याचे तीन कूलर आले.

ते कुठे ठेवायचे हे कुणी ठरवलं नाही. विजेची बटणं होती तिथे ते गेले. एक धूरगडाशेजारी, एक सोनदेश नावाच्या श्रीमंत देशाशेजारी आणि एक सभापतींच्या, म्हणजे माझ्या, शेजारी. समोरच्या खिडक्यांकडच्या भिंतीला एकही बटण नव्हतं.

जेवणानंतर मी सह्या मागितल्या. सोनदेश म्हणाला, घाई कशाला, आधी एक अभ्यासगट नेमू. आकाश कूलरसमोर पाय लांब करून बसला होता. त्याने पुन्हा टाय बांधला होता. तो म्हणाला, "मॅडम, धूरगडनं आता जुळवून घेतलं. ज्याईले गरमी होऊन राहिली त्याईनं पाहावं."

मला काय आनंद झाला सांगू. माझा लेख शब्दाशब्दाने समोर घडत होता. मी विजयाला जवळ बोलावून कानात सांगितलं की बघ, ज्याची सोय झाली तो सही करत नाही, मी लिहिलं होतं की नाही.

विजयाने माझ्याकडे पाहिलं. "काहून वं सुमन, तुहा लेख चाटू का मी? माहा करार बुडून राहिला अन् तू हासून राहिली."

खरं सांगायचं तर, मी माझ्या कूलरकडे थोडी सरकून बसले.

तेवढ्यात एक नवीच अडचण उभी राहिली. कूलर बंद खोलीत चालवला की तीच ती ओली हवा फिरत राहते आणि सगळं चिकट होतं. नागपूरच्या पोराटोरांना हे ठाऊक असतं, मला नव्हतं. त्यामुळे धूरगडाने खिडक्या उघडा अशी मागणी केली. खिडक्या उघडल्या. धूरगड गार झाला. पण बाहेरची झळ थेट बेटवाडीच्या पाठीवर आली, तिचे कागद उडाले, आणि तिच्या सहकारी मुलीची ओढणी उडून सोनदेशाच्या अध्यक्षाच्या तोंडावर बसली. प्रज्ञा उठली, एकेक खिडकी लावली, कड्या घातल्या आणि येऊन बसली. आकाशने पुन्हा उघडायची विनंती केली. ती म्हणाली, तो मुद्दा विषयपत्रिकेवर घ्या.

संध्याकाळी परिषद उठली तेव्हा कुणीच सही केली नव्हती. घरी पोचल्यावर विजया एवढंच म्हणाली की नृत्यस्पर्धेला परीक्षक म्हणून तरी बोलवतील का मला.

रविवार, पुन्हा सदर

सकाळी विजयाने तर्री पोहे खायला नेलं. पोह्यांवर चण्याचा लाल रस्सा ओततात. मी हात पुढे करून माझी ताटली वाचवली. बाकी सगळं खाल्लं, पण समोर विजया पोहे नुसते चिवडत होती. ती आयुष्यात कधी अन्न चिवडताना मी पाहिलेली नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काल माझा लेख जिंकला याचा आनंद मी जरा फारच लवकर केला.

सभागृहात पोचलो तर बेटवाडी आधीच येऊन खिडक्यांना पाठ लावून बसली होती. सगळ्या कड्या बंद. एसीवाले लोक आदल्या दुपारी आलेच नव्हते, आता गच्चीवर चढून काहीतरी ठोकत होते. कूलर सुरू झाले आणि सभागृहाचं हळूहळू न्हाणीघर झालं. माझा चष्मा धुरकटला. सह्यांसाठी ठेवलेले कागद हवेतच मऊ पडले. जेवणातला पापड ताटात येईपर्यंत कपड्यासारखा दुमडला गेला. मी दोन्ही बाजूंना समजावण्यासाठी फळ्यावर आलेख काढायला गेले, तर ओल्या फळ्यावर खडू उमटेना. माझ्या शिकवण्याच्या कारकिर्दीत हे प्रथमच घडलं, आणि मुलांना त्याचं फारसं दुःख झाल्याचं दिसलं नाही.

आता गंमत अशी झाली होती की कूलर धूरगडाकडे आणि खिडक्या बेटवाडीकडे. एकट्याच्या हातातली वस्तू एकट्याच्या उपयोगाची राहिली नव्हती. आकाश उठून समोर गेला आणि खिडकी उघडायचं काय घेणार, असं विचारू लागला. प्रज्ञाने सांगितलं की कूलरची हवा आमच्याकडेही आली पाहिजे आणि धूर कमी करायच्या करारावर तुमची सही पाहिजे.

आकाश म्हणाला की सही करतो, पण आधी खिडकी.

"आधी खिडकी उघडली तं तू सही करशील?" प्रज्ञाने विचारलं.

तो प्रामाणिक मुलगा होता. त्याने थोडा विचार केला आणि नाही म्हणाला. मग त्याने तिला विचारलं की आधी तुला कूलर दिला तर तू धूर कमी करायच्या अटीवर टिकशील का, का गार वाटल्यावर तूही घरी जाशील. तिनेही विचार केला. तीही नाही म्हणाली. दोघांच्याही नाकावरून घाम ठिबकत होता.

मी घंटेला हात घातला, पण विजयाने माझा हात धरला. दोघं खाली वाकून जमिनीकडे बघायला लागले होते. ते कूलरच्या वायरची लांबी पाहत होते.

मग एकच धांदल उडाली. कँटीनमधून विजेच्या लांब वायरी आल्या. धूरगडाच्या पोरांनी कूलर ढकलत खिडक्यांकडे न्यायला सुरुवात केली. पाण्याने भरलेला कूलर ओढू नये, आधी रिकामा करावा, असं कुणीतरी ओरडलं, पण तोवर तो कूलर माझ्या समोर आला होता, आणि त्याने माझ्या इस्तरीच्या साडीवर आपलं पोट मोकळं केलं. मी खरंच सांगते, दोन दिवसांत मला इतकं बरं एकदाही वाटलं नव्हतं. मी सांगितलं की कामकाज चालू ठेवा.

कूलर उघड्या खिडक्यांना पाठ लावून बसवले. बाहेरची कोरडी हवा गवतातून गार होऊन आत येऊ लागली. झळ कुणाच्याच पाठीवर नव्हती. सोनदेश सोडून बाकीच्या देशांनी बाकं ओढून त्या हवेत एकच गोल केला, आणि कालच्यापेक्षा सगळ्यांना जास्त गार वाटू लागलं, धूरगडालासुद्धा. प्रज्ञाने तिथल्या तिथे मसुद्यात एक कलम घातलं: जो सही करेल तो गोलात बसेल. धूर कमी करायचा आणि गारवा वाटून घ्यायचा, दोन्ही एकाच कागदावर. सोनदेशाने मान राखण्यासाठी थोडा वेळ लांब बसून पाहिलं. मग त्यांची खुर्ची हळूहळू सरकू लागली. शेवटी ते पेन मागून घेऊन आत आले.

सातही सह्या झाल्या. माझ्या लेखात हे नव्हतं. सोय स्वतंत्र असेल तर माणूस करारापासून लांब जातो हे मी लिहिलं होतं. सोयच एकमेकांच्या हातात असेल तर तो जवळ येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

विजयाने तो करार दोन्ही हातांनी उचलला. घामाच्या हातांमुळे शाई ओली राहिली होती म्हणून तिने तो वाळवायला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. कूलरच्या मागे. कूलरने हवा ओढली, तिच्यासोबत करारही ओढला, आणि तो जाऊन ओल्या गवताला फट्‌कन चिकटला. आम्ही सोडवून आणेपर्यंत सात देशांच्या सह्यांचा एकच निळा ओघळ झाला होता.

त्याच क्षणी छताकडून मोठा घरघराट झाला आणि एसी सुरू झाला.

सभागृह झपाट्याने गार झालं. सारखंच गार, सगळ्या कोपऱ्यांत. कुणीतरी कूलर बंद केले, खिडक्या लावल्या. मुलं सवयीने आपापल्या जागी परत जाऊन बसली. गोल मोडला. आकाशने कोट घातला. आणि दारातून कॉलेजचे अध्यक्ष आत आले, म्हणाले, काय मॅडम, झाला का करार?

विजयाच्या हातात निळा, ठिबकता लगदा होता. तिने तो पदराआड धरला आणि सांगितलं की झाला, फक्त पुन्हा लिहायचा आहे. नवा कागद काढला, मसुदा उतरवला आणि पहिल्यांदा धूरगडासमोर ठेवला. आता कुणालाच कुणाची गरज नव्हती. माझ्या हिशेबाने आता एकही सही होणार नव्हती, आणि आपलं म्हणणं खरं होऊ नये असं मला आयुष्यात पहिल्यांदाच इतकं मनापासून वाटत होतं.

आकाश कागद वाचत बसला. पेन उघडलं, बंद केलं. सोनदेशाचा अध्यक्ष मागून कुजबुजला की थांब, आता आपल्याला काय पडलंय. प्रज्ञा आपल्या जागेवरून हलली नाही.

मला राहवलं नाही. सभापतीने विचारू नये, तरी मी विचारलं की धूरगड पुन्हा सही करतोय का.

त्याने वर, एसीच्या जाळीकडे पाहिलं. "करतो ना मॅडम. हा पुन्हा बंद पडला तं खिडकी कोण उघडून देईन?"

आणि त्याने सही केली. मग कागद उचलून स्वतःच समोर नेला आणि प्रज्ञासमोर ठेवला. तिने सही केली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा किंचित हसली. बाकीचे देश रांगेने आले. सोनदेश सगळ्यांत शेवटी, इकडेतिकडे बघत.

अध्यक्षांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी करार वाचला, सह्या मोजल्या, आणि इतके खूष झाले की परिषद कायम चालेल असं तिथेच जाहीर करून टाकलं. एसीने ऐन वेळी दगा दिला याबद्दल त्यांनी सगळ्या देशांची माफी मागितली. पुढच्या वर्षी परिषदेसाठी कोरा करकरीत, कधीच बंद न पडणारा नवा एसी बसवून देतो, असं वचनही दिलं.

"नका बसवू, सर," विजया घाईघाईने म्हणाली. "हाच राहू द्या."